आवक क्रमांक २३१७

त्या गुरुवारी ऑफिसात सगळ्यात मोठ्यानं मी हसले, आणि ते हसू माझ्याच कानांवर आलं तेव्हा मला वाटलं, ही कोण बाई एवढी खिदळतेय? शोभाताई हसत होत्या, पण त्या नेहमीच पदर तोंडाला लावून हसतात, आवाज बाहेर येऊ देत नाहीत. बाहेरच्या बाकावर बसलेले दोन शेतकरीसुद्धा उगाच हसले, ऑफिसातली माणसं हसतायत म्हणजे हसायचं असेल म्हणून. दीनानाथभाऊ स्वतःच्या जोकवर कधीच हसत नाहीत, चष्म्याच्या वरून कोण कोण हसलं एवढं बघून घेतात. आणि ह्या सगळ्यांच्या वरताण माझं हसू, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखं. जोक माझ्यावरच होता. ईद होऊन आठवडा झाला होता, वणीहून आणलेली पोपटी ओढणी मी पहिल्यांदाच घातली होती, आणि सकाळी आरशात बघताना छत्तीस वर्षांच्या बाईला जेवढं खूश होता येतं तेवढी खूशही झाले होते. दीनानाथभाऊंनी टपालाचं पाकीट फाडता फाडता मान वर केली आणि म्हणाले, "घ्या बाप्पा, पाकिस्तानचा झेंडा आज आपल्या ऑफिसात फडकून राह्यला." ह्यावर मी हसले. त्यांनी मला खाली पाडलं आणि मीच टाळ्या वाजवल्या, असं काहीसं झालं. हसता हसता खाली पाहिलं तर माझ्या हातानं ते वाक्य लिहून टाकलेलं होतं.

हे कसं झालं ते सांगते, नाहीतर कुणाला वाटेल मी मुद्दाम केलं. निदान तेव्हा तरी मुद्दाम केलं नव्हतं. आमचं ऑफिस म्हणजे पांढरकवड्यात हायवेच्या कडेला, ट्रकच्या बॉड्या रंगवणाऱ्या दुकानाच्या वरचा मजला. दोन हजार चारमध्ये, कापसाची दाणादाण सुरू झाली आणि रोज एक पथक जिल्ह्यात उतरू लागलं, तेव्हा 'कापूस पाहणी कक्ष' अशी पाटी लावून ते उघडलं, तात्पुरतं. मीही तात्पुरतीच, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरची आवक-जावक लिपिक. खालून ट्रकनं हॉर्न दिला की माझ्या टेबलावरचं शाईचं पॅड थरथरतं. टपाल इतकं येतं की पाकीट फोडून, वाचून, मग लिहीत बसलं तर संध्याकाळपर्यंत निम्मंही व्हायचं नाही. म्हणून दीनानाथभाऊंनी पहिल्याच महिन्यात पद्धत पाडली. ते वरिष्ठ लिपिक, तीस वर्षं कागदांत काढलेला माणूस. पाकीट ते फोडणार, एका नजरेत विषय हेरून मोठ्यानं बोलणार, आणि मी मान वर न करता आवक रजिस्टरात लिहिणार. क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, कोणाकडे, निपटारा. "बियाणं न उगवल्याबाबत." लिहिलं. "लाल्या रोग पडून पानं करपल्याबाबत." लिहिलं. अडीच वर्षांत माझा हात थेट त्यांच्या तोंडाला जोडला गेला होता, मधे माझं डोकं लागतच नव्हतं. हात लिहायचा आणि मी आपली विचार करायचे, मुलीच्या दप्तराची चेन दुरुस्त करायचीय, घरी गवार आहे की संपली. तर त्या दिवशीही हातानं ऐकलं आणि लिहिलं. आवक क्रमांक २३१७, तारीख दोन नोव्हेंबर दोन हजार सहा, विषय: पाकिस्तानचा झेंडा आज आपल्या ऑफिसात फडकून राह्यला. अक्षर बाकी सुंदर आलं होतं. माझं अक्षर सुंदरच येतं, शाळेत मराठी सुविचार फळ्यावर लिहायला मलाच उठवायचे.

रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. पानांना नंबर असतात, पांढरा रंग लावायचा नाही, कागद चिकटवायचा नाही. चुकून नोंद झाली तर समोर 'चुकीने नोंद' असं लिहून वरिष्ठ लिपिकाची सही घ्यायची, म्हणजे दीनानाथभाऊंचीच. मी त्या ओळीकडे बघत बसले आणि मला पुन्हा हसू येऊ लागलं, पण हे हसू वेगळं होतं, पोटातून येत होतं आणि त्याला आवाज नव्हता. कारण बोललेलं वाक्य ऐकताना जोक होता, आणि लिहिलेलं वाक्य वाचताना त्यात जोक कुठेच सापडेना. वरच्या ओळीत न उगवलेलं बियाणं, आणि त्याच्याखाली मी, झेंडा होऊन. "झालं का वो मॅडम, पुढचं घेऊ?" दीनानाथभाऊ म्हणाले. "घ्या," मी म्हटलं, आणि २३१८ टाकला.

माझं हसू मला अब्बांकडून आलंय. नाक अम्मीचं, हसू अब्बांचं. अब्बा, युनूस फिटर म्हणून गावात माहीत, जिनिंगमध्ये होते. मी नऊ वर्षांची असताना दुपारी त्यांचा डबा घेऊन जायची. आत सगळीकडे कापूस उडत असायचा आणि अब्बांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या, ते तसे मला फार आवडायचे. एकदा मी दारात उभी असताना तिथल्या कुणा ठेकेदारानं त्यांना काहीतरी म्हटलं. शब्द मी इथे सांगत नाही, अजून सांगवत नाही. चारपाच जण हसले, आणि अब्बा सगळ्यांत मोठ्यानं हसले. घरी येताना मी विचारलं तर म्हणाले, "हँस दे बेटा, बात टल जाती है." आणि खरंच टळली असेल, मला काय माहीत. पण त्या दिवशी त्यांनी डबा अर्धाच खाल्ला आणि उरलेली भाकरी मला परत नेताना दिसू नये म्हणून कागदात गुंडाळून दिली. मी ती वाटेत उघडून पाहिली होती. मला त्या भाकरीचं फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. आणि तरीसुद्धा, मोठी होऊन ऑफिसात बसले तेव्हा मी हेच हसू घेऊन बसले, दुसरं काही जवळ नव्हतंच.

बरं, दीनानाथभाऊ राक्षस असते तर काम सोपं झालं असतं. पण माणूस तसा नाही. माझ्या मुलीला ताप चढला होता तेव्हा साहेबांची जीप ह्यांनीच भांडून मिळवून दिली आणि दवाखान्यात स्वतः रात्री आठपर्यंत बसले. टिपणी कशी लिहायची, कोणत्या कागदाला कोणता कागद जोडायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं. दिवाळीला अनारसे आणतात, माझा डबा वेगळा भरून. आणि तो देताना म्हणतात, "घ्या, याच्यात मटनाची बोटी नाही बरं का." अनारसा चांगला असतो. मी खाते. त्यांचं बोलणं हे असं अनारशावर पेरलेलं असतं, वेगळं काढून टाकता येत नाही. रोजा असला की "आज तं सरकारी कामबी उपाशी," क्रिकेटची मॅच असली की "मॅडम, आज कोणत्या बाजूनं?" आणि मला क्रिकेटमधलं चौकार कोणता आणि षटकार कोणता तेही धड कळत नाही. मी दरवेळी हसले. शोभाताई टायपिस्ट, त्या काळ्या, त्यांना म्हणायचे, "लाईट गेली का, तुम्ही आत आल्या म्हणून वाटलं." शोभाताईही हसायच्या. आमच्या ऑफिसात एकंदर फार हसणं होतं. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं किती खेळीमेळीचं वातावरण.

शुक्रवारी सकाळी मी ठरवलं, सही घेऊन प्रकरण मिटवावं. माझी ऑर्डर तीस नोव्हेंबरला संपत होती. पुढची अकरा महिन्यांची ऑर्डर साहेब देतात, पण साहेब देतात म्हणजे दीनानाथभाऊंनी 'काम समाधानकारक आहे' अशी टिपणी वर पाठवली की देतात. टिपणीशिवाय ऑर्डर नाही आणि ऑर्डरशिवाय ही खुर्ची नाही, आणि ही खुर्ची मला फार आवडते, हे कबूल करून टाकलेलं बरं. कागद येतो, त्याला मी नंबर देते आणि त्या क्षणापासून तो कागद जगात असतो, कुणी म्हणू शकत नाही की आलाच नव्हता. एवढी ताकद माझ्या बाकीच्या आयुष्यात कुठेच नाही. तर मी रजिस्टर उचलून त्यांच्या टेबलाकडे गेले. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "आज जुम्मा ना? लवकर जाणार असान. आम्ही मंगळवारी गेलो तं चालते काय?" आता, अडीच वर्षांत मी एकाही शुक्रवारी लवकर गेले नव्हते. जुम्म्याला जातो तो माझा नवरा, तोही मागच्या ओळीत उभा राहून पहिला बाहेर पडणारा. हे मी सांगू शकले असते. पण तोंडात हसू तयार होऊन बसलेलं होतं, नळाला पाणी यायच्या आधी हवा येते तसं. मी ते दातांच्या आत दाबलं, रजिस्टर छातीशी धरलं, माझ्या जागेवर परत आले आणि नंबर टाकला. २३२९. कोणाकडून: श्री. दीनानाथ, वरिष्ठ लिपिक, तोंडी. हे मात्र मुद्दाम केलं.

'तोंडी' हा शब्द माझा नाही, सरकारचा आहे. त्या वर्षी वरून परिपत्रक आलं होतं की शेतकऱ्याला लिहिता येत नसेल आणि तो तोंडी काही सांगत असेल तर तेही जसंच्या तसं, त्याच्याच शब्दांत, आवकला नोंदवायचं. परिपत्रक काढलं कुणासाठी आणि उपयोगाला आलं कुणाच्या. मी रजिस्टर मिटलं आणि मला एकदम शाळा बुडवल्यासारखं हलकं वाटलं. दिवसभर मी दीनानाथभाऊ काय बोलतात त्याकडे कान लावून होते, आधी कधी लावले नव्हते असे. त्यांचा सूर चढला की माझा पेन तयार. पण गंमत बघा, आपण वाट बघायला लागलो की बोलणारा नेमका गप्प होतो. त्या दुपारी ते फक्त दाढदुखीवर बोलले.

त्याच संध्याकाळी मी मोईनच्या दुकानावर गेले. मोईन माझा नवरा, हायवेवर ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करतो. पाण्याच्या टाकीत रेडिएटर बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत होता. मी सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग टाकीतून हात काढून पुसत बसला, बराच वेळ पुसत बसला. "नौकरी गई तो?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "गई तो गई." हे मी इतक्या पटकन म्हटलं की आम्ही दोघंही जरा घाबरलो. "सोच ले, अतिया," तो म्हणाला, "उनके तीस साल, तेरे ग्यारह महीने." मग पुन्हा हात पाण्यात घातला आणि खाली बघूनच म्हणाला, "पण वो दुपट्टा पहनके जाना." मी घरी येईपर्यंत त्याच्या त्या वाक्यानं खूश होते. पलंगावर पडल्यावर मात्र ते तीस आणि अकरा डोक्यात फिरू लागले.

शनिवारी दुपारी यादी करायची असते. आठवडाभरातले जे जे नंबर निकाली निघाले नाहीत ते मी एका कागदावर उतरवते, आणि सोमवारच्या बैठकीत साहेब ती यादी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतात. नंबर, विषय, कोणाकडे. ज्याच्याकडे असेल त्यानं सांगायचं, झालं की राहिलं. म्हणजे माझ्यासमोर सोपी वाट होती. रजिस्टरात राहू दे, यादीत उतरवायचंच नाही. रजिस्टर कोण उघडून बघतं? पंचवीस वर्षांनी उंदीर. तोवर माझ्याकडे चार नोंदी झाल्या होत्या. तिसरी सकाळचीच, मॅचबद्दलची, सभ्य माणसानं पुन्हा वाचू नये अशी. चौथी मला फार छळत होती. दीनानाथभाऊ एका शेतकऱ्याला माझी ओळख करून देताना म्हणाले होते, "हे आमच्या मॅडम, मुसलमान हायेत पण मराठी पाहा किती चांगलं." आता हे काय धरायचं? कौतुक होतं. त्यांचा चेहराही कौतुकाचाच होता. मी दहा मिनिटं पेन धरून बसले. त्या 'पण'ला हात लावला की लागत होतं, कौतुकाला हात लावला की लागत नव्हतं. शेवटी मी ती नोंद संकीर्णमध्ये घातली. जे कशातच बसत नाही ते संकीर्ण.

पण खरी अडचण ती नव्हती. यादी लिहिताना माझ्या नंबरांच्या वरखाली जे होतं, ती अडचण होती. २३१६, कोलामांच्या पोडावरचा, त्या आदिवासी वस्तीवरचा माणूस, दोनदा पेरलं, दोन्हीदा उगवलं नाही. २३१८, एका बाईची बोंडं किडली, तिनं पिशवीतून पाच बोंडं पुरावा म्हणून आणून माझ्या टेबलावर ओतली होती, त्यातली एक अळी शाईच्या पॅडवरून चालत गेली. आणि मधे हा माझा झेंडा. मला लाज वाटली, सरळ सांगते. एवढा जिल्हा रडतोय आणि तू ओढणी घेऊन बसलीस? शोभाताईंना मी हळूच विचारलं, तर त्याही म्हणाल्या, "कायले वाढवता ताई? लोकायचं काय चालू हाये, अन् आपलं काय." मी यादीचा कागद बाजूला ठेवून बाहेर बाकाशी गेले. तिथे ती बोंडंवाली बाई बसली होती, नंदाबाई, तिचा नंबर विचारायला आली होती. मी सांगितला. तिनं तो तळहातावर पेनानं लिहून घेतला आणि म्हणाली, "माह्याहून मोठं नुकसान झालेले लय हायेत वो. पण नंबर तं मलेबी पाहिजे ना." ती हे स्वतःबद्दल म्हणाली, माझ्या मनात काय चाललंय हे तिला कसं कळणार? मी आत आले आणि चारही नोंदी यादीत उतरवल्या. उतरवताना अक्षर बिघडलं, ते मी तसंच राहू दिलं.

सोमवारी मी पोपटी ओढणी घालून गेले. सलील साहेब पुण्याचे, तरुण, नुकतेच परीक्षा देऊन लागलेले, आणि यादी वाचताना त्यांचा एक डोळा घड्याळावर असतो. ते पाढे म्हटल्यासारखं वाचतात, शब्द तोंडातून जातात पण डोक्यात शिरत नाहीत, अगदी माझ्या हातासारखं. "तेवीसशे पंधरा, तुडतुड्यांबाबत, कोणाकडे?" "झालं सर." "तेवीसशे सोळा, बियाणे न उगवल्याबाबत?" "पाहणी बाकी." "तेवीसशे सतरा, पाकिस्तानचा झेंडा आज आपल्या ऑफिसात फडकून राह्यला, कोणाकडे?" त्यांनी इतक्या सपाट, सरकारी आवाजात ते वाचलं की क्षणभर कुणालाच काही वाटलं नाही, आणि मग सगळ्यांनाच वाटलं. शोभाताईंचा पदर सवयीनं तोंडापाशी गेला आणि तिथेच थांबला. साहेबांनी कागद जवळ घेतला. "हे काय आहे? पत्र कुठंय?" मी उभी राहिले. मी म्हटलं, "पत्र नाही सर. तोंडी आलंय. दीनानाथभाऊंकडे आहे." साहेबांनी पुढचं पाहिलं, २३२९ वाचलं, जुम्मा आणि मंगळवार, मग तिसरं, मॅचचं, आणि प्रत्येक वाक्यागणिक त्यांचा आवाज खाली खाली येत गेला, कारण मॅचच्या जोकवर ते स्वतःही हसले होते. संकीर्णशी आले तेव्हा तर त्यांनी ते मनातच वाचलं. सगळेच्या सगळे जोक त्या खोलीत नुसते पडून होते आणि एकालाही कुणी उचलेना.

"सर, हे तं मजाक होता," दीनानाथभाऊ म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "हे काय आवकले घ्यायची गोष्ट हाये? घरच्यासारखं बोलतो आपण. काहून वो मॅडम, तुम्हीच तं हासत होत्या!" ह्याला माझ्याकडे उत्तर होतं, शुक्रवारपासून पाठ करून ठेवलेलं, तीन वाक्यांचं, मुद्देसूद. ते सगळं उडून गेलं. मी म्हटलं, "हो भाऊ, हसत होते. आता नाही हसवत." बस्स. बरं वाटत होतं मला. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग, बहुतेक दुसरं काहीच सुचेना म्हणून, त्यांनी नियमाचा हात धरला. "तोंडी आलेलं जसंच्या तसं नोंदवायचं, परिपत्रक आहे. दीनानाथजी, तुम्हीच मला दाखवलं होतं. निपटारा तीन दिवसांत. पुढचं, तेवीसशे अठरा."

निपटारा दीनानाथभाऊंनी तासाभरातच केला. रजिस्टर ओढून घेतलं, चारही नोंदींसमोर 'नोंद घेतली' असं लिहिलं आणि माझ्याकडे सरकवून दिलं, न बघता. मला माहीत होतं ते दोन शब्द काय असतात. अडीच वर्षं मी तेच लिहिलेलं बघत आले होते, पेरलेलं उगवलं नाही त्यासमोर, बोंड किडलं त्यासमोर. नोंद घेतली म्हणजे काही होणार नाही. आणि इथे मला राग आला, पहिल्यांदा, स्वच्छ. मी रजिस्टर परत त्यांच्यापुढे ठेवलं. "भाऊ, ह्यानं नंबर बंद होत नाही." "मंग काय लिहू?" ते जवळजवळ ओरडले. "पाय धरू?" "नको. जे करणार असाल ते लिहा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्म्याच्या वरून नाही, चष्म्यातून. मग बाहेर जाऊन पान खाऊन आले, नळावर तोंड धुतलं, खुर्चीत बसले, आणि खूप वेळानं 'यापुढे बोलणार नाही' एवढं लिहिलं, चार वेळा, खाली सही करून. त्यांचं अक्षर माझ्याहून वाईट आहे.

दुपारनंतर त्यांनी टपाल फोडलं. विषय बोलत गेले, फक्त विषय. मधल्या जागा रिकाम्या वाटत होत्या आणि खरं सांगायचं तर थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं, दाढ काढल्यावर जीभ तिथेच जाते तसं. चार वाजता त्यांनी एक फाईल माझ्यापुढे आपटली, जावकला टाकायला. माझ्या मुदतवाढीची टिपणी. मी ती उघडली. 'काम समाधानकारक. नोंदी अचूक ठेवतात.' मी वर पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत होते. "खोटं कायले लिहू?" ते म्हणाले. "एक शब्द इकडचा तिकडे नाही केला तुम्ही. म्या पाहून घेतलं." मी जावक नंबर टाकला. माझीच फाईल, माझ्याच हातानं, आणि मला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा कळेना. वाटलं खाली जाऊन मोईनच्या दुकानापर्यंत पळत जावं. शोभाताई जवळून गेल्या तेव्हा त्यांनी माझी ओढणी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "कापड चांगलं हाये. वणीलेच भेटते काय?" अडीच वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी दात दाखवून हसल्या.

पाच वाजता भावसिंग चहाचे ग्लास गोळा करायला आले. आमचे शिपाई, पन्नाशी उलटलेले, दारव्ह्याकडच्या बंजारा तांड्यावरचे, कमी बोलणारे. सगळे ग्लास उचलून झाले तरी ते माझ्या टेबलापाशी उभेच राहिले. "मॅडम," ते म्हणाले, "जुनं असलं तं नंबर भेटते काय?" मी म्हटलं, "भेटते की. किती जुनं?" "मागच्या वर्षीच्या दिवाळीचं." मी त्यांना समोरच्या खुर्चीत बसायला लावलं, ते अर्धेच टेकले. मी अगदी जोरात होते तेव्हा, काय विचारता. नवी ओळ घेतली, २३४६ टाकला, आणि मोठ्या तालात म्हटलं, "बोला भावसिंगभाऊ, जसंच्या तसं बोला." ते ग्लासांकडे बघत म्हणाले, "मी नवा शर्ट घालून आलतो. दीनानाथभाऊ म्हणले, कोन्या दुकानाचं कुलूप तोडलं रे भावसिंग, का तांड्यावरच वाटप झालं?" मी लिहिलं. कोणाकडून, दीनानाथभाऊ. एवढ्यावर ते थांबतील म्हणून मी पुढचा रकाना घेतला, तर ते हळूच म्हणाले, राग नव्हता त्यांच्या आवाजात, असता तर बरं झालं असतं, "तुम्ही बोलल्या नाही काही. हासल्या तेवढ्या."

मला आठवेना. माझ्यावरचा एकेक शब्द मला तारखेसकट पाठ आहे, अब्बांवरचा सत्तावीस वर्षांपूर्वीचा पाठ आहे, आणि हे आठवेना. मी खूप शोधलं, दिवाळी, कोणती दिवाळी, कोण कुठे उभं होतं, आणि मला नुसते अनारसे आठवत राहिले. भावसिंगभाऊ उठायला लागले. "तुमचं नका लिहू," ते म्हणाले, "दीनानाथभाऊचं लिहा फक्त, मले तेवढंच पुरते." मी त्यांना हातानं थांबवलं. 'कोणाकडून'च्या रकान्यात दीनानाथभाऊंच्या नावापुढे स्वल्पविराम दिला आणि माझं नाव लिहिलं, पूर्ण, आणि कंसात 'हसणे'. 'कोणाकडे' मध्येही माझंच नाव आधी टाकलं. निपटाऱ्याचा रकाना कोरा राहिला, तिथे काय लिहायचं ते मला अजून कळलं नव्हतं आणि 'नोंद घेतली' तर मी लिहिणारच नव्हते. मग विषयाच्या रकान्यात थोडी जागा उरली होती म्हणून विचारलं, "शर्ट कोणत्या रंगाचा होता, भावसिंगभाऊ?" त्यांनी ग्लास खाली ठेवले आणि नीट टेकून बसले. "पिवळा," ते म्हणाले. "पोरीनं आणलता, पुसदहून. तिच्या पहिल्या पगाराचा." तेही मी लिहिलं.